रजिस्टरातली वेळ

मे महिना लागला की कातळाच्या सड्यावरची माणसं गडगे घालायला घेतात. पावसाच्या आधी कलमांभोवतीचा ढासळलेला गडगा नीट करायचा असतो. त्यासाठी पडलेला दगड उचलून पुन्हा रचायचा, आणि दगडाखाली फुरसं असतं. वीतभर लांबीचं, मातीच्याच रंगाचं. डिवचलं की वेटोळं करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं आणि करवतीसारखा आवाज काढतं. पण हात दगडाखाली गेलेला असतो, तेव्हा आवाज ऐकायला वेळ कुठला? म्हणून आमच्याकडे मे महिन्यात सर्पदंश बहुतेक वेळा बोटांना झालेला असतो आणि भातकापणीत पायांना.

मी सिंधुदुर्गातल्या तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका होते. आता निवृत्त झाले आहे. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागते, आणि ती चूक मी बराच काळ कोणाला सांगितली नव्हती.

त्या संध्याकाळी आठच्या सुमारास एक बाई रिक्षातून आल्या. पन्नाशीच्या. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून काळपट झालेलं. मुलगा म्हणाला, "आत्ताच चावलां, सिस्टर. अर्धो तास पण झालो नाय." मी शिरेतून दोन मिली रक्त घेतलं, काचेच्या ट्यूबमध्ये घातलं आणि ट्यूब टेबलावर उभी करून ठेवली. ही वीस मिनिटांची चाचणी. आमच्यासारख्या ठिकाणी रात्री लॅब बंद असते, तेव्हा फुरसं किंवा घोणस चावलेल्या माणसाच्या रक्तात विषानं काय केलं आहे हे सांगणारी एवढी एकच गोष्ट हाताशी असते. ट्यूब वीस मिनिटं हलवायची नाही, हात लावायचा नाही. वीस मिनिटं झाली की एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर सध्या तरी ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं गोठण्याची ताकद संपवलेली आहे आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, ताबडतोब सुरू करायचं.

तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. पहिलटकरीण होती आणि बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. रात्रपाळीला कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि लेबर रूम मिळून मी एकटीच. गेले. बाळ रडलं, वार पडली, टाके झाले. हात धुऊन परत आले तेव्हा पन्नास मिनिटं होऊन गेली होती. ट्यूब तिरकी केली. गुठळी होती. रजिस्टरात मी लिहिलं, ‘२० मि. चाचणी : रक्त गोठले’. डॉक्टरांना तेच फोनवर सांगितलं. त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं.

विसाव्या मिनिटाला ते रक्त पातळ होतं का, हे मला माहीत नाही. पुढेही कधी कळणार नाही. विष रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, संपवत जातं. थोडं शिल्लक असताना रक्त उशिरा का होईना, एखादी ढिसाळ गुठळी करतं. म्हणूनच वीस मिनिटं ठरलेली आहेत. चाळीस नव्हेत, पन्नास नव्हेत.

पहाटे चारला त्या बाईंच्या उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं. हिरड्यांतून येत होतं. पुन्हा चाचणी केली, तेव्हा ट्यूबमधलं रक्त पाण्यासारखं हललं. दहा व्हायल एएसव्ही सलाईनमधून सुरू केलं, अॅड्रेनलिन भरून उशाशी ठेवलं आणि उजाडताना त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात रवाना केलं. त्या वाचल्या. दोन आठवड्यांनी मुलगा कागद न्यायला आला, तेव्हा खाली बघत म्हणाला, "चार वाजताच चावलेला, सिस्टर. आदी वैद्याकडे नेलंव. तुमी वरडशात म्हणान सांगूक नाय."

म्हणजे ‘अर्धो तास’ खोटा होता आणि माझी वीस मिनिटंही खोटी होती. दोन्ही एकाच पानावर, एकाच ओळीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती.

ही केस कुठल्याही बैठकीत निघाली नाही. निघणार कशी? कागदावर चूक नव्हती.

पुढच्या वर्षी आमच्याकडे गुणवत्तेचं काम आलं. सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३ पासून आहेत. आम्ही त्यांना नुसतं एनक्यूएएस म्हणतो. स्वच्छतेसाठीचं कायाकल्प २०१५ मध्ये सुरू झालं आणि ते आमच्या अंगवळणी पडलं होतं. भिंती रंगल्या होत्या, कचऱ्याच्या रंगीत बादल्या जागेवर होत्या. एनक्यूएएसची फाईल मात्र जाडजूड. आठ विभाग आहेत. सेवा कोणत्या मिळतात आणि रुग्णाचे हक्क कसे पाळले जातात, इथपासून संसर्ग नियंत्रण आणि शेवटी परिणाम, इथपर्यंत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं तर प्रमाणपत्र. मुद्द्यासमोर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ओबी म्हणजे डोळ्यांनी बघा. एसआय म्हणजे कर्मचाऱ्याला विचारा. आरआर म्हणजे नोंदी तपासा. पीआय म्हणजे रुग्णाला विचारा.

आमच्या मेडिकल सुपरिटेंडेंट सरांनी कामं वाटून दिली. माझ्या वाट्याला कॅज्युअल्टीतल्या नोंदी आल्या. स्वतःचंच रजिस्टर तपासायचं होतं.

एका दुपारी ओपीडी संपल्यावर निळ्या पुठ्ठ्याचं ते लांबडं रजिस्टर घेऊन बसले. सर्पदंशाची वर्षभराची पानं. मागणी काय, तर चाचणी ठरलेल्या वेळेत झाल्याची नोंद आहे का? होती. प्रत्येक ओळीत होती. वर्षभरात एकही एकोणीस नव्हतं, एकही एकवीस नव्हतं. सगळीकडे वीस. ज्या रात्री वादळानं वीज गेली होती, त्या रात्रीसुद्धा वीस. रुग्ण आल्याच्या वेळा बघितल्या, तर सगळ्या सव्वा, साडे नाहीतर पावणे. माझं अक्षर, माझ्या मैत्रिणींचं अक्षर, नवीन मुलींचं अक्षर. आम्ही सगळ्यांनी मिळून एक नीटनेटकं वर्ष लिहून काढलं होतं. चेकलिस्टप्रमाणे दोनपैकी दोन गुण द्यायला हवे होते. पेन हातात धरून मी बराच वेळ तशीच बसले.

पुढच्या बैठकीत मी ते सांगितलं. उशीवरचं रक्तही सांगितलं.

खोलीत कोणी बोललं नाही. चहाचे कप तसेच राहिले. सर काय म्हणतील याचा अंदाज येत नव्हता, कारण अशा वेळी काय होतं ते नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. मेमो निघतो, खुलासा मागतात, खुलासा लिहिणारं माणूस पुढच्या वेळी आणखी नीट खोटं लिहायला शिकतं. सरांनी फाईल बंद केली आणि विचारलं, "आणखी कोणाला असं काही माहीत आहे?"

पहिल्यांदा फार्मासिस्ट बोलले. फ्रिजच्या तापमानाचा तक्ता रोज दोनदा भरायचा असतो, पण तो शनिवारी एकदम भरला जातो. मग लॅबचे काका. मग लेबर रूमची मुलगी रडत रडत बोलली. पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना भरत जायचा प्रसूतीचा आलेख, बाळंतपण झाल्यावर मागाहून काढते, म्हणाली. तास दीड तास ती बैठक चालली आणि मला वाटतं, आमच्या दवाखान्यातली गुणवत्ता सुधारणा त्या दुपारी सुरू झाली. फाईल मात्र चार महिन्यांपूर्वीच उघडली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी एका कागदावर लिहून, सही करून तो ड्युटी रूममध्ये लावला. पुढचे तीन महिने रजिस्टरात लिहिलेल्या कुठल्याही वेळेवरून कोणालाही मेमो दिला जाणार नाही. वेळ घड्याळात बघून लिहावी. एवढाच मजकूर. हा कागद मी निवृत्तीच्या दिवशी मागून घेतला.

नोंदीचं मोल मला नवीन नव्हतं. कोकणातल्या कुठल्याही नर्सनं ते विसरू नये. रायगडात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नव्हती. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि कोणत्या तासाला घाम, कोणत्या तासाला हातपाय गार, नाडी किती, दाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं, हे लिहीत गेले. त्या नोंदींतून प्रॅझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि गंभीर रुग्णांतलं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मनात मात्र नेहमी रात्री खाटेशेजारी वही घेऊन बसलेला तरुण डॉक्टर येतो. त्यांनी नाडी अंदाजानं लिहिली असती तर?

तर कामाचं सांगते. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली एक पद्धत आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. आमच्या बैठकीत त्याचं आपोआप ‘कित्या’ झालं. चाचणी उशिरा बघितली जाते. कित्या? सिस्टर तिथे नसते. कित्या? लेबर रूममध्ये असते. कित्या? रात्री एकटीच असते. कित्या? पदं रिकामी आहेत. कित्या? इथे सगळे गप्प बसले. पाचव्या ‘कित्या’चं उत्तर आमच्या खोलीत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही कितीतरी पत्रं लिहिली होती. ती पत्रं यापुढेही लिहीत राहायचं ठरलं. पण फुरसं पदभरतीची वाट बघत नाही. म्हणून चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काही करता येतं का, ते बघू लागलो.

क्वार्टरमध्ये राहणाऱ्या दोघी सिस्टर म्हणाल्या, एक घंटा बसवा. कॅज्युअल्टीतून दाबली की क्वार्टरमध्ये वाजेल. इलेक्ट्रिशियननं वायर ओढली, रुग्ण कल्याण समितीतून खर्च झाला. ती घंटा अजून आहे आणि तिचा उपयोग झाला. पण ती घंटा एका बाईच्या दिवसभराच्या ड्युटीनंतरच्या झोपेवर चालते. अहवालात आम्ही तिला ‘उत्तम उपक्रम’ म्हणून दाखवलं, तेव्हाही मला ते बरोबर वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. रिकामं पद भरणं हाच त्यावरचा उपाय आहे.

दुसरी गोष्ट मावशींनी सांगितली. आमच्या सफाईच्या मावशी बैठकीला येत नसत. त्यांना कोणी बोलावतच नसे. सरांनी त्यांनाही बसवायला सुरुवात केली होती. आम्ही चाचणीबद्दल बोलत होतो. उलट प्रकारही होत होता. ज्यांना विषाची काहीच लक्षणं नव्हती, अशा काही जणांचं रक्त वीस मिनिटांनी पातळ राहत होतं. त्यांना एएसव्ही द्यावं लागे, आणि एएसव्ही हे काही साधं औषध नव्हे. घोड्याच्या रक्तातून तयार होतं, एखाद्याला गांधी उठतात, एखाद्याचा दाब कोसळतो. आमच्याकडे व्हायल मोजक्याच येत.

मावशी खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, त्यो टूबो मी धुतंय. पावडरीन." सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या घाबरल्या. "काच ती. फेकूक मन जाना नाय. धुवन, सुकवन कपाटात ठेवतंय. धुव नको म्हणान कोणी माका सांगूक नाय."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. रक्त काचेला लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते, म्हणून ट्यूब काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. ती नवी, कोरडी आणि स्वच्छ हवी. साबण-पावडरीनं धुतलेल्या काचेवर जो अंश राहतो तो हीच साखळी अडवू शकतो, आणि मग चांगलं रक्तही गोठत नाही. हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. ते डॉक्टरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. धुणाऱ्या हातांपर्यंत ते पोचलं नव्हतं. कायाकल्पच्या वेळी आम्हीच मावशींना सांगितलं होतं, एकही घाणेरडी ट्यूब कुठे दिसता कामा नये. त्यांनी ते मनापासून केलं होतं. जीव लावून केलेल्या त्या कामामुळे किती जणांना नको असलेलं एएसव्ही गेलं, ते शोधायला रजिस्टरात काही साधन नव्हतं. कारण ट्यूब नवी की धुतलेली, असा रकाना कोणी आखलाच नव्हता.

त्या दिवसापासून नव्या ट्यूब एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डब्याची जबाबदारी मावशींनी मागून घेतली. वापरलेली ट्यूब थेट काचेच्या कचऱ्यात. डब्यातल्या ट्यूब संपत आल्या की त्या फार्मसीच्या दारात जाऊन उभ्या राहत, मिळेपर्यंत.

मग टायमर. कणकवलीच्या बाजारातून स्वयंपाकघरात लावतात तसले दोन टायमर आणले. आमच्या वॉर्डबॉयच्या भावाचं सुतारकाम आहे. त्यानं फणसाच्या लाकडाचा एक ठोकळा करून दिला, वर ट्यूबच्या मापाचं भोक आणि पुढे टायमर अडकवायला खाच. हलवू नये म्हणून ठोकळा मुद्दाम जड केला होता. रक्त घातलं की टायमर लावायचा आणि रुग्णाच्या माणसाला सांगायचं, "हात लावू नका, पण हा वाजला की मला जिथे असेन तिथे हाक मारा." बरोबर आलेली माणसं त्या वेळी बाकावर नुसती हात चोळत बसलेली असतात. काम दिल्यावर कोणी एकानं ते टाळलं असं मला आठवत नाही. एका म्हातारबाबांनी वीस मिनिटं त्या ठोकळ्यासमोर उभं राहून काढली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

चावल्याची वेळ खरी कशी कळणार, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. यातली बहुतेक खेड्यांतली, आणि बहुतेकांचा जीव दवाखान्याबाहेर गेला. म्हणजे रुग्ण आमच्या दारात येईपर्यंतचा वेळ हाच सगळ्यात मोठा वेळ, आणि त्याबद्दल आमच्या रजिस्टरात फक्त ‘आत्ताच’ लिहिलेलं. त्या मुलाचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तुमी वरडशात म्हणान. आम्ही ओरडतच होतो. रुग्ण स्ट्रेचरवर असताना पहिला प्रश्न, "इतका वेळ काय करत होतात?" मेमोच्या भीतीनं मी पन्नासाची वीस केली. आमच्या ओरडण्याच्या भीतीनं त्यानं चार तासांचा अर्धा तास केला. त्याला दोष देण्याचा मला काय अधिकार होता?

आम्ही प्रश्न बदलला. "चावलं तेव्हा काय करत होतात?" एवढंच विचारायचं. माणूस सांगतो, गडगा घालत होतो, दुपारचं जेवण होऊन जरा वेळ झाला होता, तेवढ्यात दुपारची एसटी गेली. एसटीवरून वेळ बरोबर काढता येते. वैद्याकडे गेला होतात का, हे वेगळं, शांतपणे विचारायचं आणि उत्तर ऐकून चेहरा बदलायचा नाही. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात जड गेलं.

आशाताईंबरोबर मी काही गावांत गेले. देवळात कौल लावू नका, असं आम्ही कुठेही म्हटलं नाही. तसं म्हणणाऱ्याचं पुढचं कोणी ऐकत नाही, आणि संकटात देवाला गाऱ्हाणं घालणं हे आपल्याकडे शतकांचं आहे. गुरवांना आणि मानकऱ्यांना एवढंच सांगितलं, गाऱ्हाणं घालताना दुसऱ्या माणसानं १०८ला फोन करायचा. बांधायचं नाही, कापायचं नाही, हात हलवायचा नाही. एका गावच्या गुरवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देव खय नको म्हणता?" त्या गावातून पुढे माणसं लवकर येऊ लागली. गुरवांचा मुलगाच गाडी घेऊन येई.

आता जे घडलं ते लिहिताना अजूनही वाईट वाटतं. तीन महिन्यांनी आमचे आकडे बिघडले. चाचणी वेळेत झाल्याचं प्रमाण पूर्वी शंभर टक्के होतं, ते खाली आलं. दंशानंतर रुग्ण पोचायला लागणारा सरासरी वेळ वाढला. वरच्या एका आढावा बैठकीत आमच्या दवाखान्याचं नाव लाल रंगात आलं आणि सरांकडून लेखी खुलासा मागितला गेला. ज्यांनी मागितला त्यांच्यासमोर फक्त तक्ता होता, त्यामुळे त्यांनी दुसरं काय करायचं, हे मला समजतं. पण ड्युटी रूममध्ये त्या दिवशी जे वातावरण झालं, ते मी विसरले नाही. एक मुलगी म्हणाली, "मग आम्ही पूर्वीसारखंच लिहू ना, सिस्टर?"

सरांनी एक पानी उत्तर लिहिलं. आधीचे आकडे खरे नव्हते, आत्ताचे खरे आहेत, आणि सुधारणा याच्यापुढे मोजावी, असं. ते उत्तर पाठवण्याआधी त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, मावशींनासुद्धा. उत्तरावर पुढे काही आलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. आम्ही खरं लिहीत राहिलो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाचणीची वेळ बहुतेक वेळा वीस ते बावीसच्या आत येऊ लागली. त्या बाविसांचं मला शंभर टक्क्यांपेक्षा जास्त समाधान आहे.

पीआयचं, म्हणजे रुग्णांना विचारण्याचं, थोडक्यात सांगते. आमच्या माणसाला विचारा, "काही त्रास?" तो म्हणणार, "सगळा बरा आसा." सांडलेल्या पाण्यावरून घसरून पडलेला असला तरी म्हणणार. मग आम्ही डिस्चार्जच्या दिवशी असं विचारू लागलो, "घराक गेल्यार शेजारीण इचारतली, दवाखान्यात कसा काय होता, तेव्हा काय सांगशात?" एक आजी पटकन म्हणाल्या, "रात्री संडासात लायट नाय. मी उजाडापर्यंत कळ काढलंय." तो बल्ब कितीतरी दिवस गेलेला होता. तीन असेसमेंटमध्ये कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण असेसर दिवसा येतात.

चेकलिस्टवर माझा राग नाही. पण तिचा भरवसा किती धरायचा, हे कळायला मला एका अभ्यासाची मदत झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० आरोग्य केंद्रांत झाला. निम्म्या केंद्रांत चेकलिस्ट होती आणि प्रशिक्षक येऊन शिकवत होते. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षक येणं थांबल्यानंतर, वर्षाच्या टप्प्यावर, ७३चे ६२ झाले. आणि माता-बाळांच्या मृत्यूंत दोन्हीकडे फरक दिसला नाही. २०१७ मध्ये हे जसंच्या तसं प्रसिद्ध केलं गेलं. इतक्या वर्षांची मेहनत, इतके पैसे, आणि अपेक्षित निकाल आला नाही, हे छापायला मन घट्ट लागतं. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. मी तो निकाल नवीन मुलींना मुद्दाम सांगत असे, विशेषतः पथक येणार म्हणून पडदे धुवायला काढले जात तेव्हा. पथक गेल्यावर काय उरतं ते बघा, असं म्हणत असे.

प्रमाणपत्र आम्हाला दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. ओपीडीच्या भिंतीवर आहे.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३०पर्यंत सर्पदंशानं होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. ते वाचलं तेव्हा मला आमचं निळं रजिस्टर आठवलं. निम्म्यावर आले की नाही, हे कुठून कळणार आहे? अशाच कुठल्या तरी टेबलावरच्या रजिस्टरातून, रात्री दोन वाजता जागं असलेल्या एखाद्या मुलीच्या हातून.

माझ्या निवृत्तीआधीच्या ऑक्टोबरातली एक रात्र. भातकापणी चालू होती. एका माणसाला घोट्याजवळ चावलं होतं. बायको बरोबर होती, तिच्या लुगड्याला अजून भाताच्या काड्या चिकटलेल्या. चावलं तेव्हा काय करत होता, विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं. शेवटचा पेंढा बांधत होते, दिवेलागण झाली होती, देवळात गेलो, गुरव म्हणाले आधी गाडीत बसा. ड्युटीवर वर्षापूर्वी लागलेली मुलगी होती. मी राउंडला आले होते. तिनं डब्यातून नवी ट्यूब काढली, रक्त घातलं, ठोकळ्यात उभी केली, टायमर लावला आणि त्या बाईंना काय करायचं ते सांगितलं. तेवढ्यात वॉर्डात एका लहान मुलाला झटके यायला लागले. आम्ही दोघी तिकडे धावलो. टायमर वाजला, बाईंनी हाक मारली, पुन्हा मारली. मुलाचा श्वास नीट होईपर्यंत आम्हाला हलता आलं नाही.

परत आलो तेव्हा मुलीनं घड्याळ बघितलं. ट्यूब तिरकी केली. रक्त सरळ वाहत गेलं. एएसव्हीच्या व्हायल काढता काढता तिनं रजिस्टर ओढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"सव्वीस झाली, सिस्टर. सव्वीसच लिहू?"

"लिही."

तिनं लिहिलं. शेरा म्हणून पुढे ‘वॉर्डात झटके, सिस्टर तिकडे’ असं लिहिलं आणि सही केली. दहा व्हायल मिसळून सलाईन सुरू झालं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सहा तासांनी पुन्हा चाचणी करायची होती, म्हणून सात दहा ही वेळ तिनं फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिली. मग ठोकळा पुसून, टायमरची किल्ली तपासून तो त्या बाईंच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला. बाईंनी विचारलं, "आता परत कदी वाजतलो?"